उजवीकडची शिडी

२२ जानेवारी १९७२, शनिवार. हजर: मामा, म्हणजे माझे सासरे. आत्याबाई, म्हणजे सासूबाई. शेजारच्या पारूकाकू, ज्या विरजण मागायला आल्या आणि मग गेल्याच नाहीत. फिरत्या टॉकीजचा मॅनेजर, पायांत पांढरे बूट. आणि मी. गैरहजर: आमचे हे, कारखान्यात दिवसपाळीला. मांडणीवर, वरून खाली: जीप, टांगा, रुग्णवाहिका, रेल्वेचं इंजिन. जमिनीवर, मॅनेजरच्या बुटांसमोर: बस.

त्या दिवसापासून मांडणीच्या खालच्या कप्प्यात गाडी नाही.

दर वर्षी पौषात उसाच्या गाड्या रस्त्यानं करकरत जायला लागल्या, ज्वारी हुरड्यात आली, की मला हा शनिवार आठवतो आणि माझं डोकं तापतं. वयानं राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही. घरातली प्रत्येक वस्तू मी जिथल्या तिथे ठेवते, तसा तोही ठेवला आहे.

या वर्षी त्यात भर पडली. माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याहून आला होता. त्याला सिनेमातल्या प्रसिद्ध गाड्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती जमवायचा छंद आहे. परदेशातून मागवतो. आरसे, वायपर, सीटवरची शिवणसुद्धा खऱ्यासारखी. त्या तो खोक्यातून बाहेर काढत नाही. खोकी काचेच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप. घरी येणारी माणसं त्या कपाटापुढे देवघरात बोलावं तशी हळू बोलतात. "केवढी चिकाटी!" म्हणतात. तो आमच्या मांडणीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, खेळणी मस्त आहेत गं. कुणाची?"

खेळणी! मी चहाचं आधण खाली उतरवलं आणि त्याला समोर बसवलं.

आधी घर सांगायला हवं. आम्ही शिंगणापूरचे. इथे घराला चौकट असते, दार नसतं. कुत्रं येऊ नये म्हणून फळी टेकवायची, आडोशाला पडदा सोडायचा, बस. पेटीला कडी नाही, कपाटाला कुलूप नाही. शनिदेव राखतो, चोरी होत नाही, ही इथल्या प्रत्येकाची श्रद्धा. माझं माहेर देवळाली प्रवऱ्याचं. तिथे परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्यालासुद्धा कडी होती. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने मला झोप लागली नाही. पुढे सवय झाली. दार नसलं की वारा चांगला येतो, हेही खरं आहे.

मामा नगरच्या एका वर्कशॉपात मोटारींची बॉडी बांधायचे. पत्रा कापणं, वाकवणं, रिबिटा मारणं यात त्यांची उमर गेली. निवृत्त होऊन गावी आले आणि हातांना काम उरलं नाही. दुपारी ओट्यावर बसून नुसती बोटं हलवायचे, जणू हातात कात्री आहे. शेत दिरांकडे होतं आणि शेतातलं मामांना काही कळत नव्हतं. दिवाळीनंतर सोनईला टॉकीजचा तंबू लागायचा. ऊसतोडीवाले, बाजारकरी, आसपासच्या गावांतली माणसं असा गोतावळा जमायचा. वाळूत बसायचं, मधोमध दोर, दोराच्या एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये. वारा सुटला की पडदा फुगायचा आणि नटीला एकदम बाळसं यायचं. यंत्राचा खडखडाट इतका, की गाण्याचे अर्धे शब्द आपणच भरायचे.

तिथून परत येताना, बैलगाडीत, माझ्या, नव्या नवरीच्या, तोंडून निघून गेलं, "त्या जीपला जादा चाक उजव्या अंगाला होतं."

डोक्यावर पदर घेतलेल्या सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडलं म्हणून आत्याबाईंनी मला चिमटा काढला. पण मामा पुढून वळले. "डावीकडं हुतं."

"उजवीकडं, मामा."

"पोरी, मी जन्मभर गाड्या बांधल्या."

"पण सिनेमा मी पाहत होते. तुम्ही डुलक्या घेत होता."

आत्याबाईंनी दुसरा चिमटा काढला. मामा मात्र पोट धरून हसले आणि पुढच्या बाजाराला एकट्यानं जाऊन तोच सिनेमा पुन्हा पाहून आले. आल्यावर वनस्पती तुपाचा रिकामा डबा घेतला, कात्री घेतली आणि ओट्यावर बसले. आठवड्यानं जीप माझ्यासमोर ठेवली. चाक उजवीकडे होतं.

अशी सुरुवात झाली. मग आमची पद्धत बसली. सिनेमात गाडी दिसली की मामांनी चाकं, पाटे, बॉडीचा घाट पाहायचा आणि मी मोजायच्या वस्तू मोजायच्या. अंधारात लिहिता येत नाही. मी पदराला गाठी मारायची. खिडकीला साधी गाठ, दिव्याला दुहेरी, पायरीला गाठीवर पीळ. घरी येऊन गाठी सोडत सोडत मामांना सांगायची. माप ठरलेलं: खऱ्या गाडीचा फूट म्हणजे मामांचं एक बोट आडवं. मामांचं बोट जाड, म्हणून आमच्या गाड्याही जरा थोराड झाल्या. पण सगळ्या एकाच मापाच्या. जीप टांग्याशेजारी ठेवली तर खरी जीप खऱ्या टांग्याशेजारी जशी दिसेल तशीच दिसायची. भाच्याच्या कपाटात वाघाएवढी मोटारसायकल आणि मांजराएवढं विमान शेजारी शेजारी आहे, हे मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं.

पडदा एकच बाजू दाखवतो, हा या कामातला खरा पेच. नायक ज्या दारानं उतरतो ते दार दिसतं, दुसरं दिसत नाही. बाकी लोक गाणं ऐकत होते, मी त्या न दिसणाऱ्या दाराचा विचार करत होते. लोक मला काय म्हणत असतील याची मला कल्पना होती. एक बाई पदराला गाठी मारत, ओठ हलवत सिनेमा बघते; पारूकाकूंनी तर मी मंत्र टाकते असंही पसरवलं.

आणि गाड्या तयार झाल्यावर? गावानं त्यांचं काय केलं ते ऐका. दार नाही, तेव्हा कुणीही यावं. चोरी नाही, तेव्हा कुणीही उचलावं. "बघाया नेलाय" हा शब्द मी तेव्हा इतक्यांदा ऐकला, की अजून तो ऐकला की अंगावर काटा येतो. इंजिन बघाया नेलं, धुराडं वाकवून आणलं. रुग्णवाहिका बघाया नेली, तिच्यात कुणी तरी कोंबडीचं पिल्लू निजवलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाणाच्या वाट्या मांडणीजवळ ठेवल्या, तर एक बाई वाटी सोडून टांगाच लुटून गेली. "मला वाटलं औंदा भारी वाण हाय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी परत दिला, घोड्याला एक कान कमी. तो कान शोधायला मी तिचं अंगण झाडून दिलं. मिळाला नाही.

मी आत्याबाईंना म्हटलं, मांडणीला काचा बसवून घेऊ. सरकत्या. कुलूप नको, कडी नको.

"काच म्हंजी दारच की," आत्याबाई म्हणाल्या. "आपल्यात न्हाई चालत."

"धूळ बसते, आत्याबाई."

"फडकं हाय ना घरात?"

शेवटी जुन्या लुगड्याचा पडदा लावला. तो बाजूला सारायला लेकरालासुद्धा एक बोट पुरत होतं.

बस ही मामांची सगळ्यांत मोठी गाडी. त्या सिनेमात आई पोराला शिकायला शहरात पाठवते. खेड्याच्या फाट्यावर बस येते, पोरगा चढतो, बस वळण घेऊन निघून जाते. तंबूत हुंदक्यांशिवाय आवाज नसायचा. मी खिडक्या मोजत होते, मामा चाकं आणि टपावरची जाळी पाहत होते. घरी आल्यावर लक्षात आलं, बसची पाठ दोघांपैकी कुणीच पाहिलेली नाही. टपावर चढायची शिडी मागं कुठल्या अंगाला? मामा म्हणाले, "डावीकडं. मानसं डाव्या अंगानंच चढत्यात." मी मान डोलावली. वर्कशॉपातला माणूस सांगतो तर बरोबरच असणार. मामांनी तारेची शिडी डावीकडे भोकं पाडून कथलानं जोडली, काडीच्या टोकाला कापूस लावून बसला निळा पट्टा ओढला आणि डोळे चोळत म्हणाले, "आता दिवसाबी धुकं पडाया लागलंय."

धुकं नव्हतं. त्यांचे डोळे कडेनं अंधारत चालले होते. समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून पाहिल्यासारखं. ते त्यांनी आम्हांला सांगितलं नाही. बस पुरी होईपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं असावं.

आता त्या शनिवारी या. मॅनेजर तेल वाहायला शिंगणापुरात आला होता. कुणाकडून तरी ऐकून घरात शिरला, शिरायला काय, दार नाहीच. बस पाहून उकिडवा बसला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तो आवडला होता. गाड्यांना खेळणी न म्हणणारा तो पहिला माणूस.

"आजोबा, हीच ती! आपल्या पिक्चरमधली! तंबूच्या तोंडाशी ठेवतो. पब्लिक वेडं होईल."

"परत कधी?" मी विचारलं.

"तंबू हलायच्या आत. माझ्या हातानं आणून देतो."

"लिहून द्या."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पाहुण्याला शिवी दिली. पारूकाकू गालावर बोट ठेवून म्हणाल्या, "अगं बया! शिंगणापुरात लिहून मागती!" आत्याबाईंनी मॅनेजरला तिळगूळ दिला. मामांनी बस दोन्ही हातांनी उचलून त्याच्या हातांत दिली. आम्ही दिली, हे मी लपवत नाही. मुद्दा तोच आहे.

पुढच्या बाजाराला मामा आणि मी सोनईला गेलो. बस तिकिटाच्या खिडकीवर होती. गळ्यात झेंडूची माळ, इथवर ठीक. पण मामांच्या निळ्या पट्ट्यावर, खिडक्यांच्या खाली, पांढऱ्या तेलरंगानं ढबू अक्षरांत लिहिलं होतं: "आज दोन खेळ." माझा संताप संताप झाला. मामांना त्यांच्या नळीतून ते वाचता आलं नाही, त्यांनी बोटांनी रंग चाचपला, नखानं खरवडला आणि म्हणाले, "टर्पेंटाइननं निघंल. चल, पाठ बघून घेऊ."

आम्ही अगदी पुढे, दोराच्या दोन अंगांना, शेजारी शेजारी बसलो. बस आली, पोरगा चढला, आई पदर तोंडाला लावून उभी राहिली. माझेही डोळे भरले होते. बस वळली. पडद्यावर धुरळा उठला, आणि तो खाली बसता बसता मामा ताडकन उभे राहिले.

"उजवीकडं!"

"ए बाबा, खाली बस!" मागून कुणी तरी ओरडलं. "हितं माय रडतीय!"

"रडू दे! शिडी उजवीकडं हाय!"

अख्खा तंबू हसला. आई पडद्यावर रडत राहिली आणि माणसं शिट्ट्या मारायला लागली. मामांना त्याचं काही नव्हतं. दोरावरून माझा हात धरून ते हलवत होते. "पाह्यली का तू? उजवीकडं! पाच पायऱ्या!" मी पदराला पीळ देऊन गाठी मारल्या, पाच.

खेळ सुटल्यावर आम्ही मॅनेजरकडे गेलो. बस द्या, एक चूक दुरुस्त करायची आहे. तो पैशांच्या पेटीवरून मान वर न करता म्हणाला, "उद्या सकाळी या, आजोबा. आता गर्दी आहे." मामांनी रात्र मोकळी जाऊ दिली नाही, दिवा लावून नवी शिडी करायला घेतली. सकाळी बैलगाडी जोडून सोनईला पोचलो तर मैदानात खुंट्यांची भोकं, शेंगांची टरफलं आणि फाटकं पोस्टर. तंबू श्रीगोंद्याकडे गेला म्हणाले. कुणी म्हणालं, त्याच्याही पुढे.

मी सोनईच्या चौकीत जाऊन तक्रार द्यायची ठरवली. गावात ज्यांचा शब्द चालायचा त्या तात्यांना हे कळलं आणि ते स्वतः घरी आले.

"सूनबाई, शिंगणापुरातनं चोरीची तक्रार? आजवर झाली न्हाई."

"मग मी पहिली देते."

"गावाचं नाव जाईल. हितं चोरी व्हत न्हाई."

"बरं. मग त्यानं जे केलं त्याला काय म्हणू ते सांगा. मी तेच लिहून देते."

तात्यांनी टोपी सारखी केली. "बस म्हायेरी गेलीय म्हना. येईल."

पारूकाकू खदखदल्या. मी मामांकडे पाहिलं. ते ओट्यावर बसून नव्या शिडीला कानस लावत होते. "मी माझ्या हातानं दिली," ते म्हणाले. "चोरी कशी म्हनू? त्यानं आनून दिली न्हाई, यवढंच." तक्रार राहिली. मी त्या सबंध गावावर रागावले. ज्या गोष्टीला नाव ठेवायची सोय नाही ती घडलीच नाही, असं धरून चालणाऱ्या शहाण्या माणसांवर मी आजही रागावते.

त्या साली पाऊस पडला नाही. बाहत्तरचा दुष्काळ. उसाच्या गाड्या दिसेनात, सोनईच्या मैदानात तंबू लागला नाही, पुढेही तो तंबू इकडे फिरकला नाही. खडी फोडायला गेलेल्या माणसांना बसची आठवण कुठून राहणार? मलाही ती काढायची लाज वाटायची. त्याच वर्षी मामांचे डोळे पूर्ण गेले. नगरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, उशीर झाला म्हणाले.

आमच्याकडे म्हणतात, इथे चोरी करणारा आंधळा होतो. मॅनेजरचे डोळे शाबूत असणार, कुठल्या तरी गावात तिकिटं फाडत असणार. आणि डोळे गेले ते मामांचे. एवढ्यानं भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण टँकरच्या रांगेत पारूकाकू बोलल्या. मी घागर घेऊन मागेच उभी होते.

"उगं न्हाई जात डोळं. जन्म वर्कशॉपात गेला. यवढा पत्रा काय इकत आनला म्हाताऱ्यानं?"

घागर तिथेच ठेवली. घरी आले, मांडणीवरून रुग्णवाहिका उचलली, परत रांगेत गेले आणि सगळ्यांच्या देखत ती उलटी केली. पोटाखाली तुपाच्या डब्याचं हिरवं झाड होतं, अर्धं कापलेलं, आणि डब्यावरची छापील अक्षरं.

"वाचा, काकू. वाचता येत नसेल तर झाड बघा. हा डबा तुमच्याच घरून रिकामा आणला होता. बाळंतिणीचे लाडू केले होते तुम्ही."

पारूकाकूंनी घागर कमरेवर घेतली. "मी कुठं काय म्हनले?"

कुणी काही म्हटलेलं नव्हतं. कुणी काही नेलेलं नव्हतं. आमच्याकडे सगळं असंच होतं.

मामांच्या कानावर ते गेलं होतं. मी परतले तेव्हा ते चौकटीत उभे होते. "उलटी करून दाखवलीस व्हय?" म्हणाले. हात पुढे केला, रुग्णवाहिका घेतली, चाकं फिरवून पाहिली, चारही. मग म्हणाले, "बसच्या पोटाला बी तसलंच झाड हाय. ती असती तर सगळं झाड दिसलं असतं." त्या दिवशी त्यांनी भाकरी अर्धी ठेवली. पुढे कित्येक वर्षं जगले, पण वर्कशॉपातल्या गोष्टी ते पुन्हा कधी हसत सांगू शकले नाहीत. सांगताना मध्येच थांबायचे आणि कोण कोण बसलं आहे ते विचारायचे.

भाचा एवढं ऐकून घेत होता. चहा गार झाला होता. त्यानं आपल्या कपाटाचं, खोक्यांचं नाव काढलं नाही, नुसतं विचारलं, "मग ती शिडी?"

शिडी खालच्या कप्प्यात आहे. तारेची, मामांच्या बोटाहून थोडी लांब, पाच पायऱ्यांची. दुपारी मामा ती हातात घेऊन बसायचे. अंगठ्यानं एकेक पायरी चढायचे आणि वर पोचले की मला हाक मारायचे. काय करायचं ते त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं आहे, की झोपेतून उठवलं तरी म्हणेन. जुनी शिडी ओढायची नाही, पत्रा फाटेल. जोड आधी तापवायचा, कथील पाणी झालं की ती आपोआप हातात येते. डावीकडची भोकं बुजवायची. पट्ट्यावरचा पांढरा रंग टर्पेंटाइननं काढायचा, घासायचा नाही. मग उजवीकडे, मागच्या खिडकीपासून एक बोट सोडून.

"तुझं बोट न्हाई," म्हणायचे. "माझं."

म्हणून त्यांच्या बोटाएवढी पट्टी कापून शिडीजवळ ठेवली आहे. कथील आहे, तापवायची सळई आहे, टर्पेंटाइन दर वर्षी नवं आणते. चौकटीला अजून दार नाही. भाचा कुठे कुठे फिरतो, जुनी दुकानं धुंडाळतो, त्याला मी सगळ्या खुणा सांगून ठेवल्या आहेत: निळा पट्टा, त्यावर कदाचित "आज दोन खेळ", पोटाखाली सबंध हिरवं झाड. आणि मागं, डाव्या अंगाला, चुकीची शिडी. ती काढून उजवीकडे बसवायची राहिली आहे.